विहीणबाईंचे नऊ, माझे दोन

१४ फेब्रुवारी २००६, मंगळवार

…शेवटची कळशी मोरीत ठेवली आणि खोचलेला पदर सोडला, तेव्हा कुठे उजाडत होतं. मग ह्यांचा चहा. अंथरुणांच्या घड्या. दारापुढं सडा आणि दोन रेघांची रांगोळी. मेथी आदल्या दिवशीच निवडून ठेवली होती, ती चिरली, भाकरी थापल्या, डबा भरला. हे अंघोळीला गेले तेवढ्यात शंतनूच्या शर्टाचं बटण लावून दिलं. दोघं गेल्यावर धुणं. धुणं म्हणजे दगडावरचं. पिळून, बादली कमरेवर घेऊन गच्चीवर गेले, वाळत घातलं, आणि येता येता कालचे सांडगे उलटून आले. मग जेवण, आणि ह्यांनी वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन उंबऱ्याशी बसले.

मिरजेतली ही एक साधी सकाळ. कुठल्या वर्षाची ते सांगता येणार नाही, सगळ्या अशाच होत्या. आज ती आठवायला लावली प्रीतानं.

प्रीता ही इथल्या, अमेरिकेतल्या, युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातली मुलगी. जन्म इथलाच. मराठी बोलते, पण शब्द तोंडात गोळीसारखे घोळवून. ज्यांचं हृदय दुबळं झालंय अशा माणसांना थकवा किती येतो, तो मोजायचा कसा, यावर त्यांच्याकडं अभ्यास चाललाय. माझं हृदय दुबळं झाल्याचं गेल्या वर्षी निघालं, म्हणून डॉक्टरांनी माझं नाव दिलं. मी सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं वाचून. इंग्रजी डिक्शनरी घेऊन वाचते, पण बोलायला तोंड उघडत नाही. म्हणून प्रीता.

"मावशी, मशीन काय दाखवतं, हार्ट किती पंप करतं ते. तुम्ही किती दमता ते नाही दाखवत," ती म्हणाली. "दोन पेशंटचे रिपोर्ट सेम असतात. एक जण रोज वॉकला जातो, दुसरा बेडवरून उठत नाही. सो, आम्हाला विचारायलाच लागतं."

"आणि विचारून खरं कळतं का?"

"ते तुमच्यावर आहे," म्हणाली आणि हसली.

तर शून्य म्हणजे अजिबात थकवा नाही. दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. दर मंगळवारी ती फोन करणार, महिन्यातून एकदा घरी येणार. मिरजेतली सकाळ म्हणजे माझं शून्य असं धरायचं.

"मग या वीकमध्ये जास्तीत जास्त किती दमलात?"

"मी काय केलं म्हणून दमेन? दिवसभर बसूनच तर असते."

"तरी पण?"

"लिही एक."

थकवा काम करून येतो. काम न करता येतो त्याला आमच्याकडं दुसरं नाव आहे, आणि ते नाव मी माझ्यापुढं कुणाला लिहू देणार नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईला, आश्लेषाला, आठवा संपत आला. दुपारी ऑफिसातून आली आणि पाय वर करून पडली. मी तिला लिंबू-सरबत करून दिलं. मग मी पण जरा टेकले.

संध्याकाळी शंतनू म्हणाला, "आई, डे-केअरची लिस्ट ऑफिसातल्या एकानं दिली होती, मी बघितली पण नाही. तू आहेस म्हणून." मग थांबून म्हणाला, "म्हणजे, तुझी तब्येत ठीक असेल तर."

ठीकच आहे. ह्यांना जाऊन चार वर्षं होतील. तेव्हापासून या ट्रॉय गावात मी आहे, आणि या घरात माझ्यावाचून अडावं असं काही नव्हतं. धुणं तळघरातल्या मशीनमध्ये, भांडी दुसऱ्या मशीनमध्ये. आता असेल. आश्लेषाची रजा जूनमध्ये संपते. मग दिवसभर बाळ आणि मी.

२६ फेब्रुवारी, रविवार

आश्लेषाची आई चार तारखेला येते आहे. जुलैअखेरपर्यंत राहणार. तिकीट काढून झाल्यावर मला सांगितलं. मी म्हटलं, बाळंतपण मी केलं असतं की.

"आई, तुम्हाला त्रास नको," आश्लेषा म्हणाली.

त्रास नको, हे या घरात फार गोड आवाजात म्हणतात. जिला एखाद्या गोष्टीतून वगळायचं तिला म्हणतात.

५ मार्च, रविवार

विहीणबाई आल्या. नीलांबरी नाव. नागपूरच्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, गुडघे गेलेले, आवाज नाही गेलेला. दोन मोठ्या बॅगा घेऊन आल्या आणि बॅगा उघडल्या तर घरभर मेथ्या नि डिंकाचा वास. खारीक, हळीव, सांडगी मिरची, तीन प्रकारची लोणची. विमानातून उतरल्यापासून एकच, "दमले बाप्पा, काय दमले." सोफ्यावर बसल्या तर शंतनूनं पायाखाली उशी दिली, आश्लेषानं पोट सांभाळत चहा केला. आणि त्यांनी घेतला. "आण गं," म्हणाल्या.

दमल्या म्हणे. बसूनच आल्या ना विमानातून?

२२ मार्च, बुधवार

परवा मुलगी झाली. आज घरी आणली. नाक ह्यांचं आहे. मी हे बोलले नाही. विहीणबाई म्हणाल्या, "नाक अगदी आमच्या ह्यांचं." त्यांचे हे जिवंत आहेत, तेव्हा ते नाक त्यांना दाखवता येतं.

मी दहा मिनिटं मांडीवर घेतली. मग विहीणबाई म्हणाल्या, "द्या, तुम्हाला अवघड होऊन राहिलं असेल." नव्हतं होत.

४ एप्रिल, मंगळवार

शनिवारी बारसं झालं. स्वानंदी. पाळण्याखालून-वरून द्यायला विहीणबाई आणि शेजारची सीमा. मी गाणं म्हणायला होते. दोन कडवी म्हटली, पुढं दम पुरेना म्हणून टाळ्या वाजवल्या. बायका म्हणाल्या, काकूंना भरून आलं. म्हटलं, आलं.

आज प्रीताचा फोन. शंतनू स्वयंपाकघरात होता, नळ बंद करून ऐकत होता ते मला पाठीनं कळलं.

"मावशी, जास्तीत जास्त किती?"

खरं तर बारशाच्या दिवशी दुपारी मी खोलीत जाऊन साडी न सोडता तशीच पडले होते आणि दिवे लागले तरी उठावंसं वाटलं नव्हतं. पण बारसं कुणी केलं? विहीणबाईंनी. स्वयंपाक कुणी केला? सीमानं नि विहीणबाईंनी.

"दोन," मी म्हटलं.

"गुड. छान आहे तुमचा स्कोअर."

शंतनूनं नळ सोडला. शिट्टी वाजवत भांडी विसळू लागला. एवढ्याशा आकड्यावर लेक शिट्टी वाजवत असेल तर आकडा बरोबरच असणार.

११ एप्रिल, मंगळवार

दोन.

१८ एप्रिल, मंगळवार

दोन. विहीणबाई बाळाला रोज टबात बसून अंघोळ घालतात. टबात पाय पसरून बसायचं, बाळ पायांवर पालथं, शेजारी बादली. गुडघे दुखतात म्हणून टबाच्या कडेला धरून, स्टुलावर हात टेकून बसतात आणि तसंच ओरडत उठतात. मी दारात टॉवेल घेऊन उभी असते. मला टॉवेलाचं काम.

तेल लावताना त्यांचा हात जड आहे. मी शंतनूला केलं तसं हलकं नाही. एकदा सांगितलं. "असं का? मग तुम्ही दाखवा," म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. आश्लेषा लगेच, "नको आई, टबात कुठं बसता तुम्ही." झालं.

२५ एप्रिल, मंगळवार

प्रीता घरी आली होती. हे लिहिताना अजून मला राग येतोय.

ती माझ्याशेजारी बसून विचारत होती. आता एकाच आकड्यावर भागत नाही. थकव्यामुळं कपडे घालायला त्रास होतो का. चार माणसांत बसवतं का. वाचताना लक्ष लागतं का. मी सगळ्याला नाही, नाही, लागतं असं म्हटलं. वाचताना एकच पान दोनदा वाचावं लागतं, पण ते पुस्तकच कंटाळवाणं आहे.

तेवढ्यात विहीणबाई हात पुसत आल्या. "काय विचारून राहिली गं पोरी?"

"आजी, थकवा किती ते. झीरो टू टेन."

"मग मला विचार ना. माझं लिही नऊ. पहाटपासून उभी आहे. कंबर, गुडघे, हा खांदा. लिही, लिही."

प्रीता खळखळून हसली. आश्लेषा खोलीतून म्हणाली, "मम्मी, बस ना मग जरा, मी चहा टाकते." शंतनू घरून काम करत होता, तो खुर्ची घेऊन आला. प्रीतानं डिंकाचा लाडू खाल्ला, कसा करतात ते विचारलं. मग पुन्हा माझ्याकडं वळली. "हां मावशी, तुमचं?"

"दोन."

माझ्या आजारासाठी आलेली मुलगी, माझा प्रश्न, माझी खुर्ची. आणि नऊ घेऊन गेल्या त्या. त्यांचं हृदय घोड्यासारखं आहे. मला तो आकडा नको होता. पण त्या जे सहज म्हणतात, आणि सगळं घर त्यांच्याभोवती गोळा होतं, ते मला जन्मात जमलं नाही. हे संध्याकाळी ऑफिसातून येऊन म्हणायचे, "शैलजा, बस जरा." म्हटल्यावर मी आणखी एक काम काढायची. बसले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

प्रीता जाताना म्हणाली, "मावशी, हे एक्झाम नाही हं. कमी मार्क्स, जास्त मार्क्स, असं काही नसतं." तिला काय माहीत.

९ मे, मंगळवार

चपला घट्ट होतात. इथल्या वस्तू आटतात. शंतनूच्या स्लिपर घालते.

वजन वाढलंय. रोज सकाळी काट्यावर उभं राहून सांगायचं असं डॉक्टरांनी बजावलंय, पण आता सांगत नाही. लाडवांचं आहे ते. विहीणबाई डबा वरच्या फळीवर ठेवतात, मी सगळे झोपायला गेल्यावर एखादा घेते. फळीपर्यंत हात नेऊन उतरवायला मध्ये ओट्याला टेकावं लागतं.

लोणच्याच्या बरण्या दिसत नाहीत. मी शोधल्या. विहीणबाईंनी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवल्यात. लेकीच्या घरात येऊन सासूच्या पानातलं लोणचं लपवणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. शिवाय माझी आमटी वेगळ्या पातेलीत करतात. तीत मीठ नावाला. मला सांगितलंय कमी खा, हे खरं, पण इतकं? मी विचारलं तर शंतनूकडं बघत म्हणाल्या, "चुकून कमी पडलं." रोज चुकतं.

हल्ली मी हॉलमधल्या टेकायच्या खुर्चीतच झोपते. तिथं वाचायला उजेड चांगला आहे. पलंगावर आडवं झालं की जीव घाबरतो, आणि खोकला येऊन बाळ उठेल अशी भीती.

विहीणबाईंचा फोन रोज येतो. मोहनराव, त्यांचे हे, नागपुरात सकाळी उठल्याबरोबर करतात. त्या हॉलमध्येच बोलतात. "घेतली का बीपीची गोळी? … मग काय खाल्लं? … दूधवाल्याला सांगा ना … हो हो, दमली तर आहेच मी, काय सांगू." मी टीव्हीचा आवाज वाढवते. त्या फोन घेऊन खोलीत जातात. त्या खोलीत गेल्यावर मी आवाज कमी करते. ऐकायला नव्हे. उगीच मोठा आवाज कशाला.

मला कुणी विचारायला नको. पण दुसऱ्या बाईला रोज कुणी विचारतंय, आणि ती दूधवाल्यावरून भांडते, हे कानावर पडतंच.

प्रीताला दोन सांगितले.

३० मे, मंगळवार

काल सुट्टी होती. दुपारी सगळे मागच्या अंगणात. मी आत खुर्चीत. खिडकी उघडी.

शंतनू म्हणत होता, "आईला बरं नाहीये असं मला वाटतं. पण ती म्हणते ठीक आहे, आणि तो सर्व्हे पण ठीक आहे. डॉक्टरांनी बघितलं तर तेच म्हणतील."

आश्लेषा म्हणाली, "शंतनू, मी आईंवर स्वानंदीला टाकून ऑफिसला नाही जाऊ शकत. आय ॲम सॉरी. मम्मी, तू व्हिसा एक्स्टेंड कर ना."

विहीणबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. त्या कधी नव्हे ते हळू बोलल्या.

मला कळलं ते कळलं. जुलैत जाणारी बाई आता जाणार नाही. नाक घेतलं, नऊ घेतले, आता पोरगी घेणार. आणि कुणी काही वाईट केलं असंही म्हणता येत नाही. सगळं मला त्रास नको म्हणून.

आज प्रीताला एक सांगितला. "मावशी, आर यू शुअर? तुमचा आवाज…" म्हटलं, घसा बसलाय. चांगला खणखणीत एक सांगितला, आणि मग फोन ठेवून खुर्चीच्या हातावर डोकं टेकलं ते स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकून उचललं.

१३ जून, मंगळवार

आश्लेषा कामावर रुजू झाली. सोमवारी आणि शुक्रवारी घरून करते, तळघरात, कानाला यंत्र लावून, दार लावून. बाकीचे दिवस ऑफिस. बाळ विहीणबाईंकडं.

स्वानंदी आता हसते. विहीणबाईंचा आवाज आला की मान वळवते. माझा आवाज आला तरी वळवते, पण उशिरा.

व्हिसाचं कुणी माझ्यापुढं बोलत नाही. मीही विचारत नाही. एक.

२४ जून, शनिवार

ही वही आश्लेषानं काल हॉस्पिटलात आणून दिली. खिडकीतून पार्किंग दिसतं. गाड्या येतात, जातात. हाताला सुई आहे म्हणून अक्षर असं. पाणी काढायचं औषध चालू आहे. अंगात इतकं पाणी होतं की मला मिरजेच्या कळशा आठवल्या. ते लाडवांचं वजन नव्हतं.

या वेळेला घरी विहीणबाई बाळाला अंघोळ घालत असतील. इथं पडून मला आधी तेच आठवतं. हेवा औषधानं उतरत नाही.

सोमवारचं लिहायचं राहिलंय.

सोमवारी दुपारी सीमा विहीणबाईंना किराणा दुकानात घेऊन गेली. आश्लेषा तळघरात, दार बंद. बाळ झोपलंय, उठलं तर मला हाक मारा, असं सांगून गेली होती. बाळ उठलं. मी हाक मारली नाही.

तीन महिने मी टॉवेल धरून उभी होते. मी बादली भरली, थोडी थोडी, तांब्यानं. तेल कोमट केलं. साडी गुडघ्यापर्यंत घेऊन टबात उतरले, कसं ते माझं मला ठाऊक. पाय पसरले आणि स्वानंदीला पायांवर घेतलं. माझा हात विसरला नव्हता. पाठीवरून खाली, मग वर, मानेपाशी अंगठा. ती हुंकारली. तीन तांबे पाणी घातलं. अशी शहाण्यासारखी पडून राहिली की काय सांगू. सगळी अंघोळ मी घातली, शेवटपर्यंत. हे कुणी विचारलं नाही तरी लिहून ठेवते.

टॉवेलात गुंडाळून तिला छातीशी धरलं, आणि मग उठता येईना.

उठायला जो श्वास घ्यायचा तो आतच येईना. गळ्यापर्यंत यायचा आणि परत जायचा. आश्लेषाला हाक मारली ती मलाच ऐकू आली नाही. हात टेकावा तर बाळ कुठं ठेवू? म्हणून तशीच बसले, पोरगी छातीशी, पाठ टबाच्या थंड भिंतीला. ती झोपली. मी तिचा श्वास मोजायचा प्रयत्न केला, माझा तिच्याबरोबर जमवावा म्हणून. नाही जमला.

शेवटी गॅरेजचं दार वाजलं. पिशव्या ठेवल्याचा आवाज. मग विहीणबाई दारात.

त्यांनी वाकून बाळ घेतलं, नेऊन पाळण्यात ठेवलं, परत आल्या. मला वाटलं आता ओरडतील, आश्लेषाला बोलावतील. त्यांनी दार लोटून घेतलं आणि कमोडचं झाकण पाडून त्यावर बसल्या.

"मी तुम्हाला उचलायला वाकले ना विहीणबाई," म्हणाल्या, "तर आपण दोघी इथंच. संध्याकाळी जावईबापूंना क्रेन आणावी लागेल."

मला हसू आलं, पण हसायला हवा नव्हती. त्यांचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. मीही पाहिलं. बाळ उचलून किती तरी वेळ झाला होता, पण ते जिथं निजलं होतं तिथं नडग्यांवर खळगा तसाच होता. छातीचा एक, पोटाचा एक. मऊ कणकेवर काही ठेवून उचलावं तसा. विहीणबाईंनी शेजारी अंगठा दाबला. तिथंही तसाच खड्डा राहिला.

"हे कधीपासून?"

"चपला आटल्या तेव्हापासून."

"अन् त्या पोरीला तुम्ही किती सांगता?"

"एक."

त्यांनी माझी साडी पायांवर ओढली. मग म्हणाल्या, "मी नऊ म्हणते, खरं असते पाच. पण पाच म्हटलं तर कोणी चहा घेऊन येत नाही. पोरगी दिवसभर तिच्या कॉम्प्युटरवर, जावई गाडीत. दमले म्हटलं की दोन मिनिटं कोणीतरी जवळ बसते. तुम्ही म्हणून तर पाहा एकदा. काही पैसे पडत नाहीत."

"मी काही केलंच नाही तर दमले कशी म्हणू?"

"बसल्या जागी श्वास घेऊन राहिल्या ना? तेवढं काम पुरे आहे तुमच्या हृदयाला."

मग मी खरं ते बोलले. "दमले म्हटलं तर पोरीला पाळणाघरात टाकतील. नाही तर तुम्ही थांबाल."

"मी नाही थांबून राहिली," त्या म्हणाल्या. "लेकीला त्याच दिवशी सांगितलं. घरी माझा म्हातारा कच्चं-पक्कं खाऊन राहिला आहे. मी जुलैत जाणार, अन् पोरगी दिवाळीपर्यंत मला विसरणार. पाळणाघरात टाकतील, टाकतीलच. पण संध्याकाळी तर घरी येईल ना ती? त्या वेळी घरात आजी पाहिजे का नाही? माझ्यानं तर ते होत नाही. तुमच्यानं होते, अन् तुम्ही ते एक-एक म्हणून घालवून राहिल्या."

त्या रागावल्या होत्या. माझ्यावर कुणी असं रागावून चार वर्षं झाली होती.

प्लॅस्टिकचं स्टूल टबात ठेवून, आधी त्यावर, मग कडेवर, असं करत त्यांनी मला बाहेर काढलं. मध्ये दोनदा बसावं लागलं, एकदा त्यांना, एकदा मला. खुर्चीपर्यंत नेलं. साडी बदलून दिली. तेवढ्यात आश्लेषा तळघरातून वर आली. "बाळाला तेलाचा वास येतोय. अंघोळ झाली?"

"झाली," विहीणबाई म्हणाल्या, "मीच घातली."

म्हणजे तीही त्यांच्याच नावावर गेली. मी डोळे मिटून घेतले, तरी ते मला लागलंच. आश्लेषा गेल्यावर त्या माझ्या कानाशी आल्या. "मी कोणाला सांगणार नाही, विहीणबाई. तुमचा आकडा तुम्ही सांगा. पण सांगा." आणि बशीत एक केळं कापून आणून दिलं. बरोबर लोणचं नव्हतं.

त्या रात्री मी खुर्चीत बसून राहिले आणि वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. प्रीताचा फोन यायची वाट मी पाहिली नाही. सकाळीच तिला फोन लावून आठ सांगितले, आणि शंतनूला ऑफिसला जाऊ दिलं नाही.